कापलेलं कलम

ऋजुताला रघुवीरकाकांचा राग होता आणि तो राग खोटा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल की पोरगी उलट्या काळजाची होती. तशी ती नव्हती. पुण्याहून इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका कंपनीत नोकरीला आली तेव्हा तिला कुठे धड खोली मिळेना, आणि ना ओळख ना पाळख, रघुवीरकाका आणि सुहासिनीकाकूंनी तिला हॅरोतल्या आपल्या घरातली वरची खोली दिली. थंडीत मोजे कुठले घ्यायचे इथपासून कौन्सिल टॅक्स म्हणजे काय इथपर्यंत काकूंनी तिला सगळं शिकवलं. ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. पुढे ऋजुतानं वेगळी जागा घेतली, पण हे काही ती विसरली नव्हती. तरी राग होताच.

कारण गेल्या दिवाळीचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी तिनं इथल्या पोरांना घेऊन एक स्किट बसवलं होतं. पोरं घरी जशी बोलतात तशीच त्यात बोलत होती, ‘आई, माझा ट्रेन मिस झाला’ वगैरे. स्किट अर्ध्यावर आलं आणि पहिल्या रांगेतून काका उठले. काका म्हणजे मंडळाचे संस्थापक आणि स्थापनेपासूनचे अध्यक्ष. त्यांनी पोराच्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाले, हे मराठी नव्हे, हा मराठीचा खून आहे, लेखिकेनं आधी स्वतः शिकावं आणि मग मुलांना शिकवावं. हॉलमध्ये हशा पिकला. ऋजुताची आई पहिल्यांदाच इंग्लंडला आली होती, लेकीचं कौतुक बघायला म्हणून नवी पैठणी नेसून बसली होती. तिनं मान जी खाली घातली ती घरी जाईपर्यंत वर केली नाही. ऋजुता लोकांबरोबर हसली आणि परतताना ट्रेनमध्ये आईकडे पाठ करून रडली. काकांना त्यातलं काही लक्षातही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून दोघींना जेवायला बोलावलं.

असा हा माणूस. जीव लावायचा आणि चारचौघांत अब्रूही काढायचा. हॉल कुठला घ्यायचा, गणपतीत मोदक तळणीचे की उकडीचे, स्टेजवर कुणी जायचं आणि कुणी खुर्च्या मांडायच्या, सगळं त्यांच्या मर्जीनं. कमिटी होती, पण ती चहापुरती. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी सुहासिनीकाकूंची भैरवी, पेटीवर स्वतः काका. काकूंचा गळा एकेकाळी असा की गाणं संपलं तरी लोक उठायचे नाहीत. पण आता त्यांना विस्मरणाचा आजार जडला होता. एका कडव्यातून भलत्याच कडव्यात जायच्या, मध्येच थांबायच्या, समोर बसलेल्यांना विचारायच्या की मी काय म्हणत होते. तरी काका काही भैरवी सोडेनात.

मंडळातली तरुण मंडळी तेव्हा माना खाली घालून बसायची. लाज वाटायची म्हणून नव्हे हो, फोनवर रेकॉर्ड करायला. त्या क्लिप्ससाठी व्हॉट्सॲपवर एक वेगळा ग्रुप होता. त्यात काका नव्हते, बाकी बहुतेक सगळे होते, ऋजुताही होती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं तिनंही टाकली होती. दिवाळीनंतर जरा जास्तच.

मग मार्चमध्ये एकदा ती काकांकडे गेली असताना काकांनी तिला आपण होऊन एक गोष्ट सांगितली. काकू बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होत्या. काका ओट्याशी पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते. म्हणाले, घरात ती मला ओळखत नाही. ‘हे गृहस्थ’ म्हणते. कधी विचारते, तुम्ही इथे कामाला असता का. पण स्टेजवर पेटीचा सूर लागला आणि तिनं दोन ओळी म्हटल्या की ती वळून माझ्याकडे बघते आणि ‘अहो’ म्हणते. अगदी पूर्वीसारखं. घरी पेटी वाजवून बघितली, होत नाही. समोर माणसं लागतात तिला. तेवढ्यासाठी मी त्या अध्यक्षपदाला चिकटून आहे, लोकांना वाटतं म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही. हे सांगून त्यांनी कप तिच्यापुढे ठेवला आणि कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं.

ऋजुतानं वचन दिलं आणि पाळलंही. पुढे जे झालं ते पाहता मोडलं असतं तर बरं झालं असतं.

काका जन्मभर इथल्या एका सरकारी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होणार म्हणून त्यांनी मे महिन्यात रविवारचा अभ्यासवर्ग काढला. वर्गाला येणारे मोजकेच, त्यात ऋजुता आणि मिलिंद. मिलिंद मंडळाचा उपाध्यक्ष, मूळचा नागपूरचा, एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. बोलणं लोण्यासारखं. काकांच्या वाकून पाया पडायचा आणि पार्किंगमध्ये त्यांची नक्कल करायचा.

शिकवताना मात्र काका वेगळेच असायचे. तिथे हेका नाही, टोमणा नाही. त्यांनी सांगितलं की त्या जाहीरनाम्यातलं निम्मं हत्यार इथलंच, इंग्लंडचं. राजाच्या अपराधांची यादी करायची आणि त्या यादीवर त्याला पायउतार करायचं, ही रीत इंग्रजांनीच जवळजवळ शंभर वर्षं आधी आपल्या राजावर वापरली होती. वसाहतींनी ती उचलली आणि तिनंच इंग्रजांना हाणलं. सरकार प्रजेच्या संमतीवर चालतं, संमती संपली की सरकार संपलं, हा विचारही एका इंग्रज तत्त्ववेत्त्याचा. त्यानं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता म्हटलं होतं. वसाहतींनी मालमत्ता काढून सुखाचा शोध घातला.

मग ते म्हणाले की खरी गंमत पुढे आहे. वर्षानुवर्षं यांचं भांडण होतं ते पार्लमेंटशी. कर पार्लमेंटनं लावले, कायदे पार्लमेंटनं केले. पण जाहीरनाम्यात पार्लमेंटचं नावसुद्धा नाही. प्रत्येक कलम ‘त्यानं’ या शब्दानं सुरू होतं. त्यानं हे केलं, त्यानं ते केलं. त्यानं म्हणजे राजानं. कारण कमिटीवर कुणाला चीड येत नाही, चीड यायला एक चेहरा लागतो. मिलिंदनं हे वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या रविवारी त्यांनी कापलेलं कलम सांगितलं. मसुद्यात यादीच्या शेवटी सगळ्यात लांब आणि सगळ्यात जळजळीत कलम होतं गुलामांच्या व्यापारावर. निरपराध माणसं पकडून समुद्रापार विकायला आणली, हे पापही राजाचंच, असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. सभेत बसलेल्या कितीतरी जणांकडे होते, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांतल्या काहींची जहाजं त्याच व्यापारात होती. सभेनं ते कलम अख्खं कापलं. आपलंच पाप दुसऱ्याच्या नावावर मांडायला निघाले होते, काका म्हणाले, पण ते वाक्य मोठ्यानं वाचल्यावर त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघवेना. मग काकांनी मास्तरकीच्या सवयीनं सगळ्यांना गृहपाठ दिला. आपल्या मनातला एक राजा घ्या आणि त्याच्याविरुद्ध मराठीत जाहीरनामा लिहा.

आता बोला. स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून वर धार कशी लावायची तेही माणूस शिकवत होता.

त्याच दिवशी पार्किंगमध्ये मिलिंदनं ऋजुताला गाठलं. म्हणाला, लिहायचंच आहे तर खरं लिही ना. जुलैच्या वार्षिक सभेत वाचू. अर्धं मंडळ वैतागलंय, फक्त तोंड उघडायला कुणीतरी पाहिजे, आणि तुझ्यासारखं मराठी कुणाचं आहे? पुढच्या दिवाळीत तुझं स्किट पूर्ण होईल. वर हळूच म्हणाला, आई येईल ना परत? मेल्यानं नेमकी दुखरी नस धरली. ऋजुतानं आधी नाही म्हटलं, आणि घरी जाऊन लिहायला बसली.

लिहिलं आणि काय केलं, तर मसुदा घेऊन ती काकांकडेच गेली. काकांच्या तपासणीशिवाय तिला स्वतःच्या मराठीची खात्री नव्हती, दिवाळीत त्यांनी ती घालवली होती ना. कागदावर नाव नव्हतं. काकांना वाटलं, हा राजा म्हणजे तिचा स्लाऊचा मॅनेजर. तिनं तसं वाटू दिलं. त्यांनी लाल पेन काढलं, चष्मा सारखा केला, आणि आवडीनं एकेक वाक्य तासायला घेतलं. ‘इतरांची मतं अनेकदा डावलली जातात’ असं होतं, ते खोडून त्यांनी लिहिलं, ‘त्यांनी आमची मतं मागवली आणि ऐकण्यापूर्वीच निर्णय दिले.’ ‘कार्यक्रमांत अपमान होतात’ याचं केलं, ‘त्यांनी आमच्याच माणसांसमोर आम्हाला लहान केलं.’ ते लिहिताना खुदकन हसले. भलताच आहे गं तुझा मॅनेजर, म्हणाले. ऋजुताचे कान तापले होते. एकदा तिला वाटलं की सांगून टाकावं. पण त्याच क्षणी त्यांनी तिच्या एका शब्दावर काट मारली आणि म्हणाले, इथे तुझं पुन्हा तेच दिवाळीतलं मराठी. मग तिनं नाही सांगितलं.

उठताना त्यांनी एक सल्ला दिला. यादी थंड आहे, म्हणाले, शेवटचं कलम असं पाहिजे की ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालेल. घरातलं काहीतरी असू दे, दुबळं कुणीतरी.

त्या संध्याकाळी ऋजुतानं शेवटचं कलम लिहिलं. ‘त्यांनी आपल्या आजारी पत्नीला दर वेळी स्टेजवर उभं करून तिचं हसं केलं.’ एका झटक्यात लिहिलं आणि त्याच झटक्यात सगळा मसुदा मिलिंदला पाठवून दिला. नंतर भांडी घासताना तिला ते मनात ऐकू आलं. हसं कुणी केलं होतं? क्लिप्स कुणी काढल्या होत्या? पिवळी तोंडं कुणी टाकली होती? ओल्या हातानं तिनं ते कलम काढून टाकलं आणि मिलिंदला नवा मसुदा पाठवला, जुना वापरू नकोस असंही लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला. सुटले, असं तिला वाटलं.

सभेच्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलवर ती पोचली तेव्हा दारातच मिलिंदनं तिच्या हातात छापील प्रत दिली. शेवटचं कलम जागच्या जागी होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो गोड हसून म्हणाला, अगं, तेच तर हिट आहे, बाकी सगळं नुसती मतं आणि निर्णय. हे वाचू नकोस म्हणायची तिला संधी होती. दारात उभं राहून भांडता आलं असतं, प्रती फाडता आल्या असत्या, निदान काकांना बाजूला घेऊन चार शब्द सांगता आले असते. पण भांडण म्हणजे सगळं उघड झालं असतं, कुणी लिहिलं, कुणी तपासून घेतलं, ग्रुप कुठला, सगळं. ऋजुतानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ती भ्याली, दुसरं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात काका आले. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काकूंचा हात. काकूंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, काकांनीच नेसवलेली असणार, निऱ्या एका बाजूला ओघळल्या होत्या. काका म्हणाले, ऋजुता, तू बस हिच्याजवळ, तुझ्यापाशी ती शांत असते. आणि पेटी स्टेजच्या कडेला, शेवटी पटकन घेता येईल अशी ठेवून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मिलिंदनं माइक घेतला. अडीचशे वर्षांचं निमित्त सांगितलं, काकांच्या अभ्यासवर्गाचं तोंडभर कौतुक केलं आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला काकांनी आपलं लाल पेन ओळखलं. त्यांना वाटलं, पोरांनी गृहपाठ सभेत वाचायला घेतला. त्यांचा चेहरा फुलला. मागे वळून त्यांनी ऋजुताला शोधलं आणि मान हलवून शाबासकी दिली. एकेक कलम पडत होतं आणि ते मांडीवर ताल धरल्यासारखी बोटं वाजवत होते. हॉलमध्ये लोक एकमेकांना कोपरं मारत होते. सगळ्यांना कळलं होतं, फक्त एका माणसाला सोडून. ऋजुताला वाटत होतं की जमीन दुभंगावी. ती खाली बघत राहिली.

काकूंना काय उमगत होतं कोण जाणे, पण त्या कान देऊन ऐकत होत्या. प्रत्येक ‘त्यांनी’ला त्यांच्या कपाळावर आठी चढत होती. मग मिलिंद थोडा थांबला आणि आवाज खाली आणून त्यानं शेवटचं कलम वाचलं.

काकांची बोटं थांबली. चेहऱ्यावरचं हसू मात्र तिथेच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. मिलिंदनं पुढे वाचलं की सबब हे मंडळ श्री. रघुवीर यांना दिलेली संमती काढून घेत आहे, यापुढे स्टेजवर कोण जाईल ते नवी कमिटी ठरवेल, आणि भैरवीची प्रथा आजपासून बंद. मग त्यानं अदबीनं विचारलं, काका, आपल्याला काही बोलायचंय?

काका उठले. माइककडे गेले नाहीत. मागे वळले आणि थेट ऋजुताकडे बघून, वर्गात बोलावं तसं बोलले.

“असलं कलम त्या अमेरिकनांनी कापलं होतं, ऋजुता. तू ठेवलंस.”

मी कापलं होतं काका, हे शब्द तिच्या जिभेवर होते. त्याच्यामागे दुसरंही होतं, की लोकहो, भैरवी बंद करू नका, त्या तेवढ्यापुरत्या नवऱ्याला ओळखतात. एवढं एक वाक्य बोलली असती तर त्या हॉलमध्ये निदान चार माणसं अशी होती की ज्यांनी हात वर केला नसता. सारा हॉल तिच्याकडे बघत होता. काहीजणांचे फोन आधीच वर आले होते. ती काही बोलली नाही. काका वाट बघून खाली बसले.

तेवढ्यात काकूंनी तिच्या कानाशी तोंड आणलं. पण कुजबुज त्यांना आता जमत नसे, त्यामुळे निम्म्या हॉलला ऐकू गेलं.

“कोण गं हा मेला? बायकोचं असं हसं करतो?”

मिलिंदनं अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा म्हटलं. हात वर झाले, भराभर झाले. आणि काकूंनी बांगड्या मागे सारून आपला हात उंच केला, शाळेतल्या हुशार मुलीसारखा. कुणाला तरी हसू आवरलं नाही. मिलिंदनं तो हातही मोजला. काकांनी ते पाहिलं आणि मग ते समोरच्या पडद्याकडे बघत बसले. ठराव मंजूर झाला. हॉल लवकर रिकामा करायचाय म्हणून खुर्च्या रचायला घ्या, अशी सूचना झाली, आणि माणसं समोशांच्या टेबलाकडे निघाली. पेटी होती तिथेच राहिली.

काका काकूंना न्यायला आले. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला आणि म्हणाले, चला सुहासिनी, घरी जाऊ. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नाव आठवलं नाही, नातं आठवलं नाही, पण मघाचं वाचन चालू असताना सगळे याच माणसाकडे बघत होते एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. त्या ऋजुताच्या आड सरकल्या आणि तिचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“तू चांगली मुलगी आहेस,” त्या म्हणाल्या, “मला याच्या हाती देऊ नकोस.”

काका हात पुढे करून तसेच उभे होते. ते ऋजुताकडे बघतही नव्हते. टॅक्सी बाहेर थांबलीय, एवढंच म्हणाले. ऋजुतानं काकूंच्या बोटांवर आपला दुसरा हात ठेवला. ती बोटं तापात तिच्या कपाळावर फिरली होती. तिनं ती एकेक करून सोडवली आणि काकूंचा हात काकांच्या हातात दिला.